पुरचुंडीतला चिंचोका

भैरोबावस्ती अंगणवाडी,
इनामगाव, ता. शिरूर
सोमवार, १ डिसेंबर २०२५

प्रिय ताईबाईस,

सुलक्षणाचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी, रोहनची आणि भाग्यश्रीची खुशाली कळव. नातवाचा माझ्याकडून एक पापा घे. इकडे घोड नदीच्या काठी थंडी मरणाची पडलीय, भांडगावलाही असेलच. बाळाचं डोकं उघडं ठेवू नका. आता हे मी कुणाला सांगतेय, तर जिनं वस्तीवरच्या निम्म्या पोरांची टाळू भरली तिला! सवय गं, दुसरं काय.

तू फोन उचलत नाहीस. सात वेळा केला. रेंज नसेल म्हणून सोडून दिलं, पण भांडगाव हायवेला, तिथं रेंज नाही म्हणजे नवलच. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र लिहून इतकी वर्षं झाली की चार ओळींत हात भरून आला. वस्तीवरची गिताबाई तुझ्याकडं बाळ बघायला निघालीय, तिच्याच हाती देते.

तुझ्या जागी तात्पुरती मदतनीस कुणी दिलेली नाही. मीच झाडते, मीच पाणी भरते, मीच मोबाईलवर हजेरी टाकते. शिजवायला बसले की पोरांकडं बघायला कुणी नाही आणि पोरांकडं बघावं तर चुलीकडं कुणी नाही. परवा खिचडी अशी करपली की कुत्र्यानंही तोंड फिरवलं. सकाळी नऊला "जय भीम, बाई" म्हणत कुणी दारातून आत येत नाही, त्यामुळं घड्याळाकडं बघायचंच राहून जातं.

ऑक्टोबरात शिरूरला पाच दिवस मी प्रशिक्षणाला होते, ते तुला ठाऊकच आहे. पुण्याच्या अनुपमा मॅडम शिकवायला होत्या. लहान पोरांना विज्ञान, तेही शोधातून! पोरानं काही विचारलं की आपण उत्तर द्यायचं नाही. उलट विचारायचं, "तुला काय वाटतं? कसं बघता येईल?" मी मनात म्हटलं, झालं! बावीस वर्षं उत्तरं पाठ करून घेतली, आता म्हणतात तोंडाला कुलूप लावा. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मला माहीत नाही. चला, बघूया." म्हणाल्या, "ताई, हे एक वाक्य मनापासून म्हणायला शिकलात की निम्मं प्रशिक्षण झालं." मला हसू आलं. का आलं ते राहू दे.

श्रावणात उसळीसाठी मटकी बांधताना झुंबरबाईंच्या नातीनं, स्वरांजलीनं, विचारलं होतं ना, "गाठ मारली की मोड येतात का?" आणि मग आपल्याकडं ते झालं. एक पुरचुंडी भिजवून गाठ मारलेली, एक कोरड्या मटकीची गाठ मारलेली, आणि तिसरी भिजवलेली मटकी नुसतीच ओल्या फडक्यानं झाकलेली. हे मी शिरूरला सांगितलं आणि मॅडम खूश! लगेच माझा व्हिडिओ काढला. ग्रुपवर तो तू पाहिलास म्हणे. त्यात तुझं नाव नाही म्हणून मनाला लावून घेतलं असशील तर सांगते, मी "भैरोबावस्ती अंगणवाडीचा उपक्रम" एवढंच म्हणाले होते. खाली माझं नाव मॅडमनी टाकलं. आणि कागदोपत्री अंगणवाडी म्हणजे सेविकाच ना गं? त्यात तुझं-माझं काय करायचं!

तर आता झालंय असं, की दौंड तालुक्यातल्या बावीस सेविका हा उपक्रम बघायला आपल्याकडं येणार आहेत. बुधवारी १० तारखेला आणि परत गुरुवारी मोड बघायला. अनुपमा मॅडम आणि आपल्या सुपरवायझर मॅडमही आहेत. माझं एक काम कर. तू कसं करायचीस ते ओळीनं लिहून पाठव. आधी काय विचारायचं, पोरं काय म्हणतात, त्यावर काय बोलायचं, सगळं. मी दोनदा करून बघितलं, पण पोरं माझ्याकडं नुसती टकमका बघतात. थंडीनं सुस्तावली असतील.

मळईवस्तीवर नवी अंगणवाडी होतेय, तिथल्या सेविकेच्या जागेचं तू मागं विचारलं होतंस. त्याचं वरून अजून काही आलेलं नाही. आलं की कळवीनच. रोहनबरोबर बारावीला बसलीस आणि पोराला चार टक्क्यांनी मागं टाकलंस, हे मी काय विसरलेय होय?

सहा डिसेंबर झाला की ये. बाळंतपण होऊन महिना उलटला, आता भाग्यश्रीची आई येईल की. पोरं वाट बघतायत.

तुझी,
सुलक्षणाबाई

*

इनामगाव
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

ताईबाई,

बाळ कसं आहे? गिताबाई म्हणाली, रंगानं रोहनवर गेलंय आणि नाकानं तुझ्यावर. बरं झालं. हे पत्र आमचे हे मोटारसायकलवरून स्वतः आणून देतील. त्यांना मजकूर ठाऊक नाही. तू वाचेपर्यंत ते बाहेर थांबतील, घाई करू नकोस.

तुझा निरोप मिळाला होता. "पोरांना इचारा म्हणावं, त्यांना येतंय." एवढाच. मी पानभर मागितलं आणि तू हे धाडलंस! गिताबाईसमोरच मी फणकारले, "बघा, काय मिजास आलीय!" तिनं ते तुला सांगितलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्याही फार राहत नाही म्हणा. पण दोन-तीन गोष्टी राहिल्या, आणि त्याच नासल्या.

बुधवारी दौंडच्या बायका आल्या. आपली खोली केवढीशी! बावीस बायका, एकवीस पोरं, शिवाय मॅडम. मी नवी कोरी सतरंजी घातली, पोरांना पावडर लावली. मटकी आदल्या रात्री भिजवली होती. पोरांनी मॅडमपुढं तिन्ही गाठोडी केली, फडकी झाकली, आणि सगळ्या गेल्या. बाहेर उंबऱ्याशी दोन बायका म्हणत होत्या, "हिचं बाई भारी हाय." मला काय आभाळ ठेंगणं झालं!

गुरुवारी साडेआठलाच जाऊन मी कुलूप काढलं. गाठ सोडून बघते तर मोड नाहीत. मटकी तोंड मिटून बसलेली. रात्री गारठा एवढा पडला होता की नळाच्या पाण्यानं बोटं बधिर होत होती, बिचारी मटकी काय करणार? पण मला घाम फुटला. दहाला बाया येणार आणि त्यांना काय दाखवू?

घरी बाजरीच्या डब्यात, गोधडीत गुंडाळून, मी जादा मटकी बांधून ठेवली होती. मंगळवारपासून. म्हणजे आधीपासूनच माझा स्वतःवर भरवसा नव्हता, हेही आता कबूल करते. घरी पळत गेले आणि पळत आले. दोन्ही ओल्या फडक्यांतली मटकी एका पिशवीत ओतली, ती पिशवी वजनकाट्याच्या मागं कोंबली, आणि घरची लांब-लांब मोडांची मटकी त्याच फडक्यांत घातली. गाठसुद्धा तशीच मारली. चष्मा लावायला वेळ झाला नाही.

दहाला सगळ्या बसल्या. मी स्वरांजलीला म्हटलं, "सोड गं गाठ." तिनं सोडली. मोड बघून बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्वरा मात्र मटकीत बोटं घालून ढवळतेय, ढवळतेय. मग मान वर करून म्हणाली, "माझा चिंचोका कुठाय?"

मी म्हटलं, "कसला चिंचोका?"

"म्या घातलेला. खुणंचा. ही आमची पुरचुंडी न्हाई."

तिथंच खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मी काय म्हणावं? मी म्हणाले, "उंदरानं नेला असेल बाळा."

पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उंदरानं गाठ सोडली, चिंचोका नेला, आन् परत गाठ मारली व्हय?"

बावीस बायका खो-खो हसल्या. हसल्या नाहीत फक्त अनुपमा मॅडम. त्या खाली बसल्या आणि पोरांना म्हणाल्या, "मग चिंचोका कुठं असेल? कसं शोधायचं?" झालं! पोरं सुटली. सतरंजी उचलली, खेळण्यांचा डबा उपडा केला, एका बाईच्या पर्समध्येसुद्धा डोकावली. मी भिंतीला पाठ लावून भैरोबाला नवस बोलत होते. वजनकाट्यामागनं पिशवी निघाली तेव्हा वाटलं, धरणीमाय, पोटात घे.

स्वरानं चिंचोका काढला, फ्रॉकला पुसला आणि माझ्यासमोर धरला. "बाई, ह्यो माझा. मग ती मटकी कुणाची?"

ताईबाई, ती रागावून विचारत नव्हती गं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडं बघून मला पुढचं खोटं सुचेना. मी म्हणाले, "माझी. मी बदलली. मोड आले नव्हते म्हणून."

ती म्हणाली, "मग न्हाई आले तर न्हाई आले की."

मग मॅडमनी ती पिशवीतली मटकी परातीत ओतायला सांगितली. पोरांनी परातीवर डोकी घातली. तीन दाण्यांना पांढरं टोक आलं होतं, सुईच्या अग्राएवढं. पोरं अशी ओरडली की लांब मोड बघून बायकाही तेवढ्या ओरडल्या नव्हत्या. पण गाठीतली कुठली आणि बिनगाठीची कुठली, ते कळेना, कारण मीच एकत्र केली होती. "परत करायला लागंल," स्वरा म्हणाली. वर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच एखादं सांडलवंड करणारं पोर.

मॅडमनी विचारलं, "खूण घालायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

सगळी पोरं एका सुरात, "ताईबाईनी!"

"काय म्हणाल्या त्या?"

"खूण घाला. न्हाईतर आपलं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं, कळत न्हाई."

तू मटकीसाठी शिकवलं होतंस, पण मला वाटलं, माझ्यासाठीच सांगून ठेवलंस.

आणि मग मी बोलले. सगळ्यांपुढं उभं राहून. पहिल्या पत्रात "आपल्याकडं ते झालं" असं लिहिलं होतं ना मी तुला? जसं काही ते आपोआप झालं! स्वरानं गाठीचं आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "गप्प बस, नको ते विचारू नको." ती तुझ्याकडं आली. तू म्हणालीस, "मला न्हाई ठाऊक बाबा. बघूया की." आणि त्यासाठी मी तुला आत बोलावून झापलं, की पोरांपुढं असं म्हणायचं नाही, अंगणवाडीची अब्रू जाते. शिरूरला तेच वाक्य फळ्यावर बघून मला हसू आलं, ते यामुळं. आणि हसून झाल्यावर तेच वाक्य मी माझं म्हणून वापरलं. व्हिडिओ काढण्याआधी मॅडमनी मला विचारलं होतं, "ही कल्पना कुणाची?" मी म्हणाले होते, "माझीच." नाव त्यांनी आपणहून टाकलं नव्हतं. तो प्रयोग तुझा, ती गाठोडी तुझी, आणि "पोरांना विचारा" ही तुझी मिजास नव्हती, तेच अख्खं प्रशिक्षण होतं. हे सगळं मी दौंडच्या बावीस जणींना सांगितलं. रडले पण. पदरानं नाक पुसत-पुसत सांगितलं, काय करणार.

अजून एक. दोन वर्षांमागं झुंबरबाई मला म्हणाल्या होत्या, "पोरांना खायला तिच्या हातचं कशाला?" मी त्यांना तिथंच सुनवायला हवं होतं. मी हसून वेळ मारून नेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तुला म्हटलं, "तू पोरं सांभाळ, चुलीचं मी बघते." कारण मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. पण तुला कळलं होतं. त्या दिवशी तू हात धुऊन, न बोलता पोरांत जाऊन बसलीस. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, वाद टळला. वाद टळला नव्हता, तो सगळा तू एकटीनं गिळला होतास.

काल दुपारी त्याच झुंबरबाई आल्या. "ती ताईबाई कवा यायची? आमची पोरगी माझं काय ऐकत न्हाई. काय बी सांगा, म्हंती, 'बघूया की आज्जी.' घरातल्या समद्या फडक्यांना गाठी मारून ठिवल्यात." मी म्हटलं, "तिच्या हातचं तुम्हाला नको होतं ना?" म्हातारी बराच वेळ चप्पल पायात घालत बसली. जाताना म्हणाली, "निरोप धाडा तिला." त्यांचं त्यांनी तुझ्याशी बोलावं.

आता शेवटचं. हे लिहायलाच सकाळपासून बसलेय आणि उंदीर-मांजर सगळं लिहून झालं.

मळईवस्तीच्या जागेचं वरून काही आलं नाही, हे मी तुला खोटं लिहिलं. कागद नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आला होता. तू नियमात बसतेस. तुझ्या कामाबद्दल माझा शेरा मागितला होता, दोन ओळींचा. तो कागद मी वजनाच्या रजिस्टरमध्ये ठेवून दिला. रोज रजिस्टर उघडायचे, रोज कागद दिसायचा, रोज मिटायचे. तू सेविका झालीस तर इथं माझं काय उरेल, अशी भीती वाटायची. पोरं तुझ्याकडंच धावतात, हे मला काय दिसत नव्हतं? वरून दुखणं असं, की तू मला कधी बोलली नाहीस. भांडली असतीस तर मी चार शब्द जास्त बोलून जिंकले तरी असते.

काल मी तुझं नाव घेतल्यावर सुपरवायझर मॅडमनी विचारलं, "ह्याच का त्या ताईबाई? शेरा अजून आला नाही तुमचा." मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांदेखत लिहिला. दोन ओळींचा होता, सव्वा पान झाला. मॅडम म्हणाल्या, "एवढा नको होता." मी म्हटलं, "राहू द्या, उशिराचं व्याज आहे." त्यांनी लगेच सहीशिक्का करून घेतला. व्हिडिओही अनुपमा मॅडमनी ग्रुपवरनं काढून टाकला. म्हणाल्या, ताईबाई आल्या की नवा काढू.

तुझे मूळ कागद घेऊन सोमवारी, १५ तारखेला, दुपारी बाराच्या आत शिरूरच्या कार्यालयात पोचायचं आहे. त्यानंतर चालत नाही. चौफुल्यावरून गाडी मिळते, नाहीतर आमचे हे न्यायला येतील. जागा तुलाच मिळेल असं मी सांगू शकत नाही, अजून दोघींची नावं आहेत. पण तुझं नाव आता त्यात आहे.

मळईवस्ती इथून दीड किलोमीटर. तू तिथं सेविका झालीस तर आठवड्यातून एकदा मी माझी पोरं घेऊन तुझ्याकडं येईन आणि मागं बसून बघेन. बोलणार नाही. प्रयत्न करेन.

पोरांनी मटकी परत बांधलीय. या खेपेला चार गाठोडी. एक चुलीजवळ आहे, कारण स्वराचं म्हणणं, मटकीला थंडी वाजली. मला विचारलं, "खरंच थंडीच वाजली का बाई?" उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मला न्हाई ठाऊक. बघूया की." तशी चार-पाच पोरं एकदम बोलायला लागली. ती सुस्तावलेली नव्हती गं. वाट बघत होती.

तू येशील का, ताईबाई? बावीस वर्षांत मी ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक असेल असेच प्रश्न विचारले. हा एकच असा आहे की मला खरंच माहीत नाही. माफ कर असंही लिहिणार होते, पण तेही मग तुझ्याकडून पाठ केलेलं उत्तर मागितल्यासारखं झालं असतं. तुझं तू ठरव.

पाकिटात चिंचोका आहे, नीट बघून उघड. स्वरानं घातलाय. मी कुणाला लिहितेय ते तिनं विचारलं आणि पळत जाऊन घेऊन आली. म्हणाली, "बाईंनी पत्र बदललं तर ताईबाईला कळाया पायजे."

चौदा वर्षं रोज सकाळी नऊला तू दारातून म्हणायचीस, आणि मी घड्याळाकडं बघायचे. ते उत्तर राहिलंय.

जय भीम, ताईबाई.

सुलक्षणा